इन्स्पेक्टरबाईंची टाच

कोबीचा गड्डा दोन्ही हातांनी पिळला की माणसाची मान मोडते.

*

टीव्हीवरची सगळ्यात कडक पोलीस इन्स्पेक्टर चित्रीकरणाला बुटांखाली जाड लोकरी कापड चिकटवून चालते. पाल दिसली तर ती चालत नाही, खुर्चीवर चढते.

*

एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या मांजरीला एक गुपित माहीत आहे.

*

बूट दुरुस्तीच्या एका दुकानात पाटी आहे : ‘पायातले बूट काढून देण्याआधी घरी कसे जाणार याचा विचार करावा.’

*

तुरुंगाचं दार म्हणजे एक पत्र्याचा डबा आणि जुन्या कपाटाची कडी.

*

एक्केचाळीस.

*

सत्तावन्न वर्षांच्या बाईला रविवारी दुपारी कोणी विचारलं, “मग? काय म्हणता?” आणि ती म्हणाली, “हो.” तर सोमवारी तिच्या चालण्यात फरक पडतो का?

*

तुकडे पुरे. आता सरळ सांगायला हवं, कारण घड्याळात दोन वाजले आहेत आणि पाच वाजता सगळं ठरणार आहे.

ही गोष्ट पाऊलमावशींची. ‘करडी नजर’ ही गुन्ह्यांची मालिका ज्या घरात लागत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. त्यातल्या इन्स्पेक्टरबाईंचा चेहरा लोकांना पाठ आहे. पण चेहऱ्याच्या आधी येतो तो आवाज. खट. खट. खट. बंद दाराआड गुन्हेगार पत्ते पिसत बसलेला असतो. त्याचा हात थांबतो. दार उघडायच्या आधीच त्याची पाचावर धारण बसलेली असते. आणि अकरा वर्षं गुन्हेगारांना घाम फोडणारा हा आवाज नायिकेच्या बुटांचा नाही. तो पाऊलमावशींच्या बुटांचा आहे.

चित्रीकरणाच्या वेळी बोलणं स्वच्छ टिपायचं असतं. म्हणून पायांचा आवाज तिथल्या तिथे मारून टाकतात. मग नंतर एका बंद खोलीत, पडद्यावरचं चित्र बघत बघत, कोणीतरी तो पुन्हा जन्माला घालतो. पाऊल, थप्पड, किल्ली, जिन्यावरून गडगडणारा चोर, सगळं. स्टुडिओत त्या खोलीला ‘भातुकली’ म्हणत. जमिनीत चार चौकोन : एकात लादी, एकात लाकूड, एकात खडी, एकात वाळू. कपाटात सदतीस जोड पादत्राणं. टोपलीत कोबी, आणि तो संपेस्तोवर सगळ्यांच्या डब्यात कोबीच.

मावशी लादीच्या चौकोनात उभ्या राहत आणि जागच्या जागी चालत. माइक हलत नाही, म्हणून माणसानेही हलायचं नाही. अकरा वर्षांत इन्स्पेक्टरबाईंबरोबर त्या किती कोस चालल्या असतील कोण जाणे, पण हातभरही पुढे सरकल्या नव्हत्या.

एरवी मावशी म्हणजे मऊ मेण. फळवाल्याने नासकी फळं दिली तर “असू दे, त्याची तरी जागा मोकळी झाली” म्हणून घरी आणणाऱ्या. जिन्यात शेजारी भेटला की भिंतीला पाठ लावून त्याला वाट देणाऱ्या. पण ते काळे, आठ नंबरचे बूट पायात चढले (आत दोन जोड मोजे, कारण मावशींचा पाय पाच नंबरचा) की त्या चौकोनात त्या कोणाच्या बापालाही वाट देत नसत.

म्हणून दिग्दर्शकांनी दुपारी जो कागद पाठवला तो त्यांच्या छातीत बसला. कागद असा :

‘शेवटचा भाग. पावलं एक ते एक्केचाळीस. लांब कॉरिडॉर, लादी. बाई स्वतःच्याच वरिष्ठाला अटक करायला निघाल्या आहेत.
सोमवारचं रेकॉर्डिंग – मऊ.
मंगळवारचं – मऊ.
बुधवारचं – भाजी आणायला निघाल्यासारखं.
आज पाच वाजता मी भाग पक्का करून बंद करतो. तोवर जमलं नाही तर पावलं पलीकडच्या स्टुडिओतल्या माणसाकडे. मग पुढच्या पर्वातही त्याच्याकडेच राहतील, मध्येच चाल बदलली तर प्रेक्षक ओरडतात.
मावशी, मनाला लावून घेऊ नका.’

“मनाला नाही तर कुठे लावून घेऊ? भिंतीला?” मावशी म्हणाल्या.

काचेपलीकडे बसलेला आवाज टिपणारा हसला नाही. त्याचं नाव कानसेन पडलं होतं. तानसेन होणं जमलं नाही, पण दोन मजले वर नळ गळत असला तर याची झोप मोडे. चार दिवसांत त्याने तीन माइक बदलले होते, दोन वायरी बदलल्या होत्या, भिंतीवरची गोधडीसुद्धा उलटी करून टांगली होती. पाऊल मऊ ते मऊच.

“मावशी, खरं सांगा,” तो काचेमागून म्हणाला. “माइकात काही नाही. तुमच्यातच काहीतरी झालंय.”

या धंद्यातल्या लोकांची एक पक्की समजूत असते : पावलात मन उतरतं. सासू आलेली असली की कळतं, दाढ दुखत असली की कळतं. एकदा मावशींनी कानात तेल घालून काम केलं तर सगळा भाग तिरका चालल्यासारखा वाटला, असं कानसेन अजूनही शपथेवर सांगे. मावशींचाही त्यावर विश्वास होता. म्हणून त्या चार दिवस चोरासारख्या वागत होत्या.

“झालंय,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“लग्न ठरलंय.”

“कोणाचं?”

“असं काय विचारतोस? इथे दुसरं कोण उभं आहे?”

कानसेनने खुर्ची इतकी मागे ढकलली की ती भिंतीवर आपटली. मग तो काचेचं दार उघडून आत आला, मावशींचे दोन्ही हात धरले आणि काय करावं ते न सुचून ते नुसतेच वर-खाली हलवत राहिला, जसा कोणी हातपंप मारतो.

“कोण? कोण आहेत? मी ओळखतो?”

“टाचेकर.”

“बूटवाले?”

समोरच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानाचे मालक. आडनाव वेगळंच, पण स्टुडिओतले सदतीस जोड त्यांच्याच हाताखालून जात म्हणून ते टाचेकर झाले होते. उंच, विधुर, बोलायला एवढे काटकसरी की गिऱ्हाइकाला ‘या’ म्हटलं की ‘बसा’ उद्यासाठी ठेवायचे. त्यांनी मावशींना लग्नाचं विचारलं होतं ते तीन शब्दांत.

“रविवारी मी हो म्हणाले,” मावशी म्हणाल्या. “आणि सोमवारपासून हे असं. आत काहीतरी उड्या मारतंय रे. मी कडक चालायला जाते आणि ते मधेच लाजतं.”

“बास, सापडलं,” कानसेन म्हणाला. “आनंद झालाय तुम्हाला. तो पाच वाजेपर्यंत घालवला पाहिजे.”

*

आनंद घालवण्याचे प्रयत्न, क्रमाने :

कानसेन म्हणाला, मावशी, तुमच्या हातचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. मावशी म्हणाल्या, खरंय रे, मीसुद्धा तो मोरीत ओततेच.

कानसेनने त्यांचा चष्मा लपवला. मावशींनी दुसरा काढला. तोही लपवला. मग मावशींना पडदाच दिसेना. हा वेळ वाया गेला.

कानसेनने प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवली. “‘गेल्या वर्षीपासून इन्स्पेक्टरबाई जाड झाल्यासारख्या ऐकू येतात.’” मावशी पोट धरून हसल्या. “अरे, मीच झालेय!”

तीन वाजून दहा मिनिटांनी कानसेन म्हणाला, “तुम्हाला रागवता येईल असं जगात कोणीच नाही का?”

मावशींचं हसू मावळलं. “आहे की. ताई.”

*

ताई म्हणजे मावशींची थोरली बहीण. चौतीस वर्षं शाळेत होती, त्यातली बारा मुख्याध्यापिका. दोघी एकाच घरात राहत. ताईने नुसता चष्मा कपाळावर सरकवला तरी मावशींना सातवीतलं गणित आठवे. लग्नाचं ताईला अजून सांगायचं होतं. रोज जेवताना मावशी तोंड उघडत आणि त्यात घास घालत. सांगून झालं होतं ते फक्त मांजरीला.

कानसेनने मावशींच्याच फोनवरून ताईला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“काय गं, पुन्हा किल्ली विसरलीस?”

“ताई, मी बोलतोय, स्टुडिओतून. एक मदत हवी होती. जरा मावशींना रागवता का? मनापासून.”

“कशाबद्दल?”

“ते तुम्ही ठरवा.”

“अरे बाबा, यादी मोठी आहे. बसलायस ना?” ताईचा घसा खाकरल्याचा आवाज आला. “ऐक गं. सकाळी न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून गेलीस. छत्री कोणाला तरी देऊन आलीस, कोणाला ते तुलाही माहीत नाही. काल फळवाल्याने तुला जे दिलं ते फळ होतं की शिक्षा होती? बोल ना! ऐकतेयस का?”

“ऐकतेय ताई.” मावशींची मान खाली गेली. कानसेनने हळूच अंगठा वर केला. जमत होतं.

“आणि त्या बूटवाल्याशी लग्न ठरवलंयस, ते मला कधी सांगणार होतीस? लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला?”

कानसेनचा वर केलेला अंगठा आपोआप खाली आला.

“तुला... तुला कोणी सांगितलं?”

“तूच. मांजरीशी बोलतेस तेव्हा दार तरी लावत जा. आणि मला काय डोळे नाहीत? आठ महिन्यांत एकाच बुटाची टाच पाच वेळा कोण बदलतं गं? टाच आहे की दुधाची पिशवी, रोज नवी आणायला? माणूस चांगला आहे. कमी बोलतो. या घरात कोणीतरी कमी बोलणारं हवंच होतं. रविवारी जेवायला बोलाव त्याला. आणि हो, न्हाणीघरातला दिवा!”

फोन बंद झाला.

झालं! होता नव्हता तेवढा धाकही गेला. मावशी डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या, आणि आता आनंद घालवायला या पृथ्वीवर कोणी शिल्लक नव्हतं. कानसेनने कपाळ टेबलावर टेकलं.

टेकलं, आणि तसंच ठेवून विचारलं, “मावशी, टाच पाच वेळा बदलली?”

“चारदा खरं तर गरज नव्हती,” मावशी लाजल्या.

“पाचव्यांदा कधी?”

“सोमवारी. सकाळी. त्यांनीच मागून घेतले बूट. म्हणाले, जरा बघतो.”

कानसेनने डोकं वर केलं. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनीही एकदमच मावशींच्या पायांकडे पाहिलं.

उजवा बूट काढला. वरून टाच होती तशीच होती, काळी, चौकोनी, शहाण्यासारखी. कानसेनने चहाचा चमचा उचलला आणि टाचेवर वाजवला.

ढप.

त्याने टेबलाखालून जुन्या भागांतल्या हवालदाराचा बूट काढला आणि त्याच्यावर वाजवला.

खट.

“मावशी,” कानसेन सावकाश म्हणाला, “तुमच्या मनात काही नाहीये. तुमच्या टाचेत रबर आहे.”

चार दिवस! चार दिवस मावशींनी आपला आनंद असा दाबून ठेवला होता, जशी पाहुणे असताना कोणी उचकी दाबतो. दारं लावून हसल्या होत्या. आणि हे सगळं टाचेतल्या बोटभर रबरासाठी.

त्यांनी बूट पायात घातला, नाडी बांधली आणि दाराकडे निघाल्या.

“अहो, बूट बदला! ते बाहेर कधी नेत नाही आपण!” कानसेन ओरडला.

“आज नेतेय.”

*

ते बूट नेहमी पिशवीतून दुकानात जात. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते रस्त्यावर पायांनी निघाले, आणि मावशी पहिल्यांदाच त्यांच्यात पुढे सरकल्या. ढप, ढप, ढप. कोणी ढुंकून पाहिलं नाही. एका सायकलवाल्याने उलट घंटी वाजवली आणि मावशी सवयीने भिंतीला चिकटल्या.

टाचेकर एका लांब बुटात हात घालून बसले होते, जसा डॉक्टर पेशंटचा घसा बघतो.

“या,” ते म्हणाले. मग नवं नातं आठवून भर घातली, “बसा.”

“बसायला नाही आले. ह्याच्यात काय घातलंत?”

टाचेकरांनी बुटाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि आरोपी लवकर कबूल झाला.

“रबर.”

“का?”

“तुम्ही म्हणाला होतात. संध्याकाळी गुडघा बोलतो.”

“तो माझ्याशी बोलतो! तुम्ही मधे कशाला पडलात?”

“आधी नव्हतो पडत,” टाचेकर म्हणाले. “रविवारी तुम्ही हो म्हणालात. म्हटलं, आता काळजी करायला हरकत नाही.” ते थांबले. एका दिवसातले त्यांचे शब्द बहुतेक संपत आले होते. “झाकून बसवलं होतं. बाहेरून कळत नाही.”

“कळलं! अख्ख्या मालिकेला कळलं! त्या बाई स्वतःच्या साहेबाला पकडायला निघाल्यात आणि पायाखाली गादी! पाच वाजता माझी पावलं दुसऱ्याला देतायत!”

टाचेकरांचा चेहरा असा झाला की मावशींना पुढचं बोलणं गिळावं लागलं. ते खाली वाकले, त्यांनी मावशींच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून घेतले आणि पटाशी उचलली. मावशी दोन मोज्यांवर दुकानात उभ्या राहिल्या. पाटी बरोबर डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती वाचली आणि ओठ चावला.

रबर निघालं. जुनी कडक चकती बसली. पाच खिळे, सहावा, हातोडीचा एकेक नेमका ठोका. चार वाजून बावीस मिनिटं.

“लग्नाचं...” टाचेकर बुटांकडे बघत म्हणाले.

“लग्नाचं काय?”

“अजून आहे ना?”

“अहो, टाचेचा आणि लग्नाचा काय संबंध?” मावशी म्हणाल्या, आणि मग बूट चढवता चढवता, कधी नव्हे त्या आवाजात, बोट रोखून म्हणाल्या, “हे बघा. माझ्या चपलांत रबर घाला, कापूस घाला, पिसं घाला. तुमची करायची ती काळजी करा. मला आवडेल. पण इन्स्पेक्टरबाईंच्या टाचेला मला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. कळलं?”

“हो बाई,” टाचेकर म्हणाले. त्यांच्याही नकळत ते उठून उभे राहिले होते.

*

परतीचा रस्ता.

खट. खट. खट.

मघाचा सायकलवाला परत येत होता. तो उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला. वाहनं लावायला मनाई असल्याच्या पाटीखाली एक गृहस्थ गाडीला टेकून फोनवर बोलत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही, नुसते आत बसले आणि गाडी काढली. फळवाला मागून ओरडला, “बाई, कालची फळं बदलून घेऊन जा हो!”

तळमजल्यावरच्या एका खिडकीतून आजीबाईंचा आवाज आला, “अहो, या बाहेर लवकर! आपली मालिका आज आधीच लागली वाटतं!”

मावशींनी कोणालाही वाट दिली नाही. द्यावी लागलीच नाही.

*

चार वाजून एक्केचाळीस मिनिटं. लादीचा चौकोन. पडद्यावर लांब कॉरिडॉर. पाय बघायचे नसतात. खांदा बघायचा असतो. खांदा पडला की पाऊल पडतं.

एक. दोन. तीन.

कानसेनने डोळे मिटले. टाच लादीवर पडत होती जशी कागदावर सही पडते. सतराव्या पावलाला वरिष्ठांच्या दाराआडचा दिवा विझतो. सव्विसाव्याला कोणीतरी खुर्ची मागे सरकवतं. पावलं घाई करत नाहीत. तीस. एकतीस. कानसेनच्या अंगावर काटा आला, आणि काचेपलीकडच्या या रागाचा चेहरा बघावा म्हणून त्याने डोळे उघडले.

पाऊलमावशी हसत होत्या. गालातल्या गालात नाही. सगळे दात दिसतील असं, डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत. घोट्याच्या वर बाई आनंदाने फुटायला आल्या होत्या, आणि घोट्याच्या खाली भल्याभल्यांची बोबडी वळत होती.

चाळीस. एक्केचाळीस.

मग पाच सेकंदांची शांतता हवी असते. मावशींनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. कानसेनने काचेमागे स्वतःचं दाबलं. पाचवा सेकंद संपला आणि दोघं असे हसले की दिग्दर्शक वरच्या मजल्यावरून धावत खाली आले.

त्यांनी उभ्याउभ्याच हेडफोन लावला. एक्केचाळीस पावलं ऐकली. पुन्हा ऐकली. घड्याळ पाहिलं आणि कागद फाडून टाकला.

“काय केलंत मावशी? राग कुठून आणलात?”

“राग नाही हो. लग्न ठरलंय.”

“इन्स्पेक्टरबाईंचं?” दिग्दर्शक दचकले. “ते कथेत नाहीये!”

*

रविवारी संध्याकाळी शेवटचा भाग लागला तेव्हा कोचावर तिघं होती आणि मांजर. कॉरिडॉर आला. खट, खट, खट. प्रत्येक ठोक्याला टाचेकर मावशींच्या गुडघ्याकडे बघत आणि कळवळून पुटपुटत, “दुखलं? आता दुखलं?”

“गप्प बसा,” मावशी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “मी कामात आहे.”

ताईने चष्मा कपाळावर सरकवला, धाकटीकडे नीट पाहिलं, आणि पाय जवळ घेऊन कोचावर तिला आणखी थोडी जागा करून दिली.

*

मालिकेच्या पहिल्या भागाला इन्स्पेक्टरबाईंच्या पावलांसाठी दुसऱ्याच एका माणसाला बोलावलं होतं. त्या दिवशी त्याला ताप आला होता.